सैल सोडलेला कागद

बेंगळुरू,
१३ जानेवारी २०१३

आत्या,

जय भीम. तुझं पत्र मिळालं. ख्यालीखुशालीची एक ओळ आणि भांडणाच्या सोळा, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

'चार वर्षं झाली, तुझी भाची तिकडं नेमकं करती काय?' असं बंकटभाऊनं भर डेअरीत विचारलं आणि दूध संस्थेच्या चेअरमनबाईंना, म्हणजे तुला, उत्तर देता आलं नाही, हा माझा गुन्हा. कबूल. फोनवर सांगितलं असतं, पण कान गेल्यापासून तू फोनवर फक्त 'जेवलीस का' विचारतेस आणि उत्तर यायच्या आत ठेवून देतेस. म्हणून लिहिते. हे बंकटभाऊला वाचून दाखव.

आपलं अंग पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीला कातडी असते. दुधावर साय धरते तशी स्निग्धाची, म्हणजे चरबीसारख्या पदार्थाची, पण कुठल्याच डोळ्याला दिसणार नाही इतकी पातळ. ही कातडी नुसती सपाट राहिली तर पेशी उपाशी मरेल. तिला खड्डा पाडून त्यात बाहेरचं अन्न घ्यावं लागतं, मग खड्ड्याचं तोंड आवळून ती पिशवी आत ओढावी लागते. एवढं वाकणं कातडीला आपणहून जमत नाही. वाकवायला प्रथिनं येतात. डाळीत असतात म्हणतात तीच, पण पेशीत त्यांच्या हजारो जाती, प्रत्येकीचा आकार वेगळा आणि काम वेगळं.

माझं प्रथिन केळासारखं वाकडं आहे. केळाची आतली बाजू कातडीला चिकटते. एकट्या केळानं काही होत नाही. शेजारी दुसरं येतं, तिसरं येतं, शंभरावं येतं, सगळी एकमेकांत अडकतात आणि मिळून त्या सपाट कातडीची नळी करतात. म्हणजे करायला पाहिजे. या प्रथिनाच्या बाबतीत ते अजून कोणी दाखवलेलं नाही. मी त्याच स्निग्धाचे बारीक फुगे बनवते, त्यांवर प्रथिन सोडते आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसते. कातडीला लाल रंग, प्रथिनाला हिरवा. नळी निघाली की मला पदवी.

आणि ती मी काढणारच. तुझ्या हाताखाली वाढले आहे.

तुझी,
उत्पला


खडकदरा, ता. धारूर,
२७ जानेवारी २०१३

उत्पले,

जय भीम. पत्र डेअरीत समद्यांच्या म्होरं वाचलं. बंकट म्हणला, "म्हंजी चार वर्षं फुगेच फुगवायलीय व्हय!" मी म्हणलं, "तू चाळीस वर्षं काय फुगवलंस ते सांग की आदी." मग चहा पिऊन गेला गुमान.

केळाचं मला पटलं. आपल्या संस्थेचं तरी दुसरं काय हाय? एका बाईच्या दोन लिटर दुधाला कोण ईचारतं? एकेचाळीस बायांचं दूध एका जागी आलं तवा गाडी हितवर याया लागली.

आवंदा मातर पाण्याचं लई अवघड हाय. टँकर येतो, विहिरीत वततो आन् निम्मं पाणी भुईच पिती. म्हशीपत्तूर येतच न्हाई. म्हस गेली की दूध गेलं, दूध गेलं की संस्था गेली. म्हून ठराव केला, डेअरीमागच्या माळावर तळं खोदायचं आन् त्यात कागद घालायचा. कागद म्हंजी लिहायचा न्हाई गं, काळं जाड प्लास्टिक, शेततळ्यात आंथरत्यात ते. खड्डा बायांनीच खोदलाय. खाली समदा मुरूम, कुदळ उडती. फेब्रुवारीत कागद बसवायचा. चेअरमन मी हाय तवा बसवणार बी मीच.

तू ल्हान हुतीस, तुझे आईबाप ऊसतोडीला गेले की सा-सा महिने माझ्यापाशी ऱ्हायचीस. कॅनाच्या तोंडावर दूध गाळायचं फडकं तूच धरायचीस. आठवतं का? जरा सैल पडलं की मी हातावर चापट द्यायची, "ताण! सुरकुती दिसली न्हाई पायजे!" तसंच फुग्याचं बी कर. काम कसं, कुणी बोट ठिवू नये आसं.

आन् मला ह्ये सांग, किती केळं लागत्यात? पंडित ईचारतोय. तो दुधाची फॅट मोजतो, त्याला आकड्याबिगर झोप लागत न्हाई.

तुझी आत्या,
जाईबाई


बेंगळुरू,
९ फेब्रुवारी २०१३

आत्या,

जय भीम. चापट आठवते. हात अजून लाल आहे.

तुझी शिकवण फुकट गेली नाही, बरं का. आमच्या प्रयोगशाळेत माझ्या फुग्यांसारखे देखणे फुगे कोणाचे नाहीत. गोल, टच्च, एक सुरकुती नाही. फुग्याच्या आत साखरेचं पाणी असतं. बाहेरचं पाणी मी मुद्दाम जरा कमी साखरेचं ठेवते, म्हणजे फुगा बाहेरचं पाणी पिऊन ताठ होतो. बशीत काही फुगे लिबलिबीत, डुलणारे निघतात. त्यांच्याकडे मी बघतसुद्धा नाही, पुढे सरकते. परवा एक मुलगी म्हणाली, "तुझे फुगे फोटोत घालण्यासारखे असतात." मी म्हटलं, आमच्याकडे डेअरी आहे.

पंडितकाकांना सांग, नेमका आकडा नाही, दाटी महत्त्वाची. केळं थोडी असली तर कातडीवर नुसती हिंडत राहतात. दाटी झाली की एकमेकांना धरतात आणि मग सगळ्यांचा जोर एकदम लागतो. मी दाटी वाढवत चालले आहे. होत आलंय. नळी आज निघेल की उद्या, एवढाच प्रश्न आहे.

कागद बसवलास का? सविस्तर लिही. मला तो खड्डा, त्या बाया आणि मधे शिट्टी घेऊन उभी असलेली तू, सगळं दिसतंय.

तुझी,
उत्पला


खडकदरा,
२४ फेब्रुवारी २०१३

उत्पले,

जय भीम. पत्र मिळालं. कागद बसला. झकास बसला. काळजी करू नको.

काही जनावरं चारा छावणीला गेली. ऊन लई वाढलंय. तू येळंवर जेवत जा.

जाईबाई


बेंगळुरू,
५ एप्रिल २०१३

आत्या,

जय भीम. मार्चमध्ये दोन पत्रं टाकली, तुझं एकाचंही उत्तर नाही. पंडितकाकांना फोन केला. ते म्हणाले, "बऱ्या हायत, दूध घालून लगीच घरी जात्यात." तू? दूध घालून लगेच घरी? डेअरीच्या ओट्यावर तासभर कोणाची तरी खरडपट्टी काढल्याशिवाय तुझी सकाळ होत नाही. काय झालंय ते मला कळत नाही. पण तू लिहीत नाहीस तोवर मी माझं खरं लिहिते, निदान एका बाजूनं तरी खरं असू दे.

मी तुला खोटं लिहिलं होतं. काही होत आलेलं नाही. दीड वर्ष झालं, एक नळी निघालेली नाही. एकसुद्धा नाही, आत्या. प्रथिन कातडीला चिकटतं, दाटी करतं, फुगा हिरवागार होतो आणि तसाच गोल बसून राहतो. दाटी दुप्पट केली, चौपट केली, तोच प्रकार.

आमच्या मॅडम भल्या आहेत, पण त्यांनाही वरचे लोक विचारतात. त्यांनी तारीख दिली आहे. १० मेला समिती बसणार. तोपर्यंत नळी दिसली नाही तर हा विषय माझ्याकडून काढून घेणार आणि मी पदवीशिवाय परत येणार. सगळे म्हणतात, प्रथिनच खराब आहे, सोड. मला ते पटत नाही. चिकटायचं ते चिकटतंय, जमायचं ते जमतंय. मग खराब कसं?

मी हरलेली नाही. पण मला सुचत नाहीये. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, तुला सांगते आहे.

उत्पला


खडकदरा,
१४ एप्रिल २०१३

उत्पले,

जय भीम. आज जयंती. भाईर निळे झेंडे लागलेत, पोरांनी डीजे आणलाय. मला काय, मला ऐकूच येत न्हाई. विहारात वंदना करून आले आन् दार लावून बसले. आजच्या दिशी तरी खोटं लिहू न्हाई.

कागद बसला न्हवता. फाटला हुता.

वीस फेब्रुवारीला बसवायला घेतला. चाळीस बाया चारी अंगानं उभ्या, हरेकीच्या हातात कडा. मी बांधावर. "वढा! आजून वढा! त्या कोपऱ्यात सुरकुती दिसती, आंधळ्या हायत का?" भामाबाई माझ्या शेजारीच हुती. तू वळखतीस तिला, पंचवीस वर्षं माजलगावाकडं ऊस तोडला, चार लेकरं फडात झोळीत वाढवली. ती म्हणली, "जाईबाई, खड्ड्यापुरता तरी सैल सोड गं. झोळी ताणून बांधली की लेकरू घरंगळून पडतं. सैल आसली की अंगाला धरून बसती."

मी काय म्हणावं? "भामे, ह्ये तळं हाय, उसाचा फड न्हाई. गप वढ." समद्यांदेखत. ती गप वढाया लागली.

कडा चरात घातल्या, वर माती लोटली. कागद मधी आदांतरीच, बुडाला टेकलाच न्हाई. मी म्हणलं, पाण्याच्या वजनानं बसंल. टँकरवाल्यानं पाईप सोडला. निम्मा टँकर झाला आसंल, कोपरा करकरला म्हणं. मला ऐकू आलं न्हाई, बायांच्या तोंडावर दिसलं. मग टराटरा फाटत गेला आन् समदं पाणी मुरमात. आमी एकेचाळीस जणी काठावर उभ्या राहून बघितलं. त्या दिशी म्हशींना पाजायला घोटभर ऱ्हायलं न्हाई.

मिटिंगमधी पंडितनं ईचारलं, "प्रोसिडिंगला काय लिहू?" मी म्हणलं, "लिही, कागद खराब निघाला." त्यानं लिहिलं. भामाबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं आन् मान खाली घातली.  बाया तोंडावर बोलल्या आसत्या तर बरं झालं आसतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले आसते. तवापासून डेअरीच्या ओट्यावर बसवत न्हाई मला.

मार्चात माजलगावाहून माणूस मशीन घेऊन आला, फाटलेलं चिटकवून गेला. दुसऱ्यांदा कागद भामाबाईनं बसवला. आदी मधी सोडला, बुडाला टेकू दिला, पायानं कोपऱ्याकोपऱ्यात सारला आन् मंग कडा धरायला लावल्या. वर हातहात सुरकुत्या. बघून माझ्या डोळ्यात सलायलं, पण तोंड उघडलं न्हाई. पाणी वतलं तसा कागद खाली सरकत गेला आन् भुईला धरून बसला. एक थेंब गेला न्हाई. आज बी म्हशी तितंच पित्यात.

आता तुझं. सकाळी तुझी समदी पत्रं काढून वाचली. तू लिहिलंस, लिबलिबीत फुग्यांकडं मी बघत सुदीक न्हाई. ह्ये मी फेब्रुवारीत वाचलं तवाच वळखलं हुतं, पोरगी माझीच चूक करायलीय. कागद फाटून चार दिस झालते. हात धरून तुला सांगायला पायजे हुतं. पण ते सांगायचं तर माझं बी सांगावं लागलं आसतं. म्हून दोन ओळी खरडल्या आन् पत्र बंद केलं.

पोरी, मला तुझ्या केळाचं काय कळत न्हाई. पर आमी एकेचाळीस जणी खराब न्हवतो आन् कागद बी खराब न्हवता. वाकायला त्याला जागाच ठिवली न्हवती. तू एकदा सैल सोडून बघ. ताणायचं मीच तुला चापटा मारून शिकवलं, आता सोड म्हणून बी मीच सांगती. जमलं न्हाई तर मला शिव्या दे, पण लिही.

तुझी आत्या,
जाईबाई


बेंगळुरू,
२५ एप्रिल २०१३

आत्या,

जय भीम. तुझं पत्र प्रयोगशाळेच्या दारात उभ्यानंच वाचलं. पहिल्यांदा तुझा असा राग आला की सांगता येत नाही. दोन महिने! दोन महिने तू ते पोटात ठेवलंस! मग आठवलं की मीही तेवढेच दिवस 'होत आलंय, होत आलंय' करत बसले होते. खरं लिहिलं असतं तर तूही लिहिलं असतंस. आपण दोघी एकाच कॅनातल्या.

मग राग बाजूला ठेवला आणि आत गेले.

फुगे नेहमीसारखेच केले. फक्त बशीवरचं झाकण काढून ठेवलं. उघड्यावर पाणी हळूहळू उडतं. बाहेरचं साखरपाणी दाट झालं की ते फुग्यातलं पाणी ओढून घेतं आणि फुगा ढिला पडतो. तुमच्याकडे ज्या उडण्यानं तळी आटतात, त्यानंच इथे माझं काम केलं. वीस मिनिटांनी बघितलं तर बशीभर लिबलिबीत फुगे, डुलत होते. तुझ्या भाषेत सांगायचं तर माझ्या डोळ्यात सलायलं. दीड वर्ष ज्यांच्याकडे बघितलंही नाही त्यांच्यासमोर बसले आणि त्यांवर तेच प्रथिन सोडलं. नवं नाही, सगळ्यांनी खराब ठरवलेलंच.

पाच मिनिटं काही नाही. फुग्यावर हिरवी दाटी होत गेली, तेवढंच. सहाव्या मिनिटाला एका कडेला केसासारखं काहीतरी दिसलं. मला वाटलं काचेवर कचरा आहे. पुसायला हात पुढे केला आणि ते वाढलं! आत्या, ते वाढलं! हिरवी बारीक नळी सरळ बाहेर निघाली, मग शेजारी दुसरी, मग सगळ्या फुग्यालाच केस फुटल्यासारखं झालं. मी ओरडले. मॅडम चहाचा कप घेऊन पळत आल्या. त्यांनी बघितलं, कप माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसून घेतलं. 

म्हणाल्या, परत कर. केलं. अकरा सैल फुग्यांपैकी नऊंवर नळ्या. अकरा ताठ फुग्यांवर एकही नाही. नळी करायला जास्तीची कातडी लागते आणि माझ्या देखण्या फुग्यांत ती सगळी ताणातच संपलेली होती. बिचाऱ्या प्रथिनांनी ओढायचं तरी काय? आणि हे पुस्तकात नव्हतं असंही नाही. ताणलेली कातडी वाकायला जड जाते, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले आहेत. पण बशीसमोर बसले की मला पुस्तक आठवायचं नाही, तुझी चापट आठवायची.

अजून पंधरा दिवस आहेत. रोज करणार आहे. तू आता ओट्यावर जाऊन बस बघू.

तुझी,
उत्पला


बेंगळुरू,
१० मे २०१३

आत्या,

समिती झाली. विषय माझाच राहिला. सगळ्यांनी नळ्या डोळ्यांनी बघितल्या. त्यातले एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "सैल फुगे घ्यावेत हे आत्ताच कसं सुचलं?" मी म्हटलं, "सर, मला नाही सुचलं. भामाबाईंना सुचलं. ऊसतोड कामगार, खडकदरा, तालुका धारूर." त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग मी त्यांना तळ्याचं सगळं सांगितलं, फाटल्यापासून. त्यांनी नाव वहीत लिहून घेतलं.

फोटो पाठवते आहे. हिरवं दिसतंय ती प्रथिनं, लाल ती कातडी.

उत्पला


खडकदरा,
२१ मे २०१३

उत्पले,

जय भीम. तुझं पत्र आन् फोटो मिळाला. पंडितनं वाचलं, मी त्याच्या तोंडाकडं बघत हुते. पुरं झाल्यावर त्यानं पत्र माझ्या हातात दिलं. मंग मी सोता वाचलं. तीनदा.

आयतवारी मिटिंग बोलावली. एकेचाळीस जणी हजर. मी उभी राहिले आन् म्हणलं, "मागच्या प्रोसिडिंगात 'कागद खराब निघाला' आसं हाय. ते खोटं हाय. कागद चांगला हुता. मी ताणायला लावला म्हून फाटला. भामाबाई सांगत हुती, मी तिला गप केलं. पंडित, ह्ये आसंच्या आसं लिही आन् खाली माझी सही घे."

लिहिलं त्यानं. मी वाचून बघितलं आन् सही केली. कुणी तरी मागून वरडून ईचारलं, "मंग आता चेअरमन?" मी म्हणलं, "मीच. उगं आशा धरू नका. पर हितून म्होरं कुणाला खटकलं तर मोठ्यांदा बोला, मला ऐकू येत न्हाई." बाया लई हसल्या. भामाबाई बी हसली. मिटिंग झाल्यावर ती ओट्यावर आली, माझ्या बाजूला टेकली, आन् तीन महिन्यांनी आमी दोघींनी एका बशीत चहा पिला. तिला तुझा फोटो दावला, नाव लिहून घेतल्याचं बी सांगितलं. ती म्हणली, "माझं नाव? हजेरीच्या वहीबिगर कुणी लिहिलं न्हवतं आजवर." आन् पदर डोळ्याला लावला. मला बी रडू आलं. लिहिताना बी येतंय.

फोटो डेअरीत लावलाय, फॅटच्या मशीनवर. बंकट येऊन बघून गेला. म्हणला, "लिंबाच्या मुळ्यावाणी दिसतंय." मी म्हणलं, दिसंना का, आमच्या पोरीनं काढल्यात.

तळ्यात अजून कमरंएवढं पाणी हाय. म्हशी टिकल्या. छावणीला गेलेली बी चार-दोन माघारी आली.

तू डाक्टरीन झालीस की ये. दूध गाळायला तुझ्याच हातात फडकं देणार हाय. आन् आधीच सांगून ठिवते, ते मातर ताणूनच धरायचं. सैल पडलं तर चापट बसंल.

तुझी आत्या,
जाईबाई